रॅकेटमधली विंडो पुन्हा पुन्हा हँग होते? आधी नक्की कोण थांबलंय ते बघा

लक्षण ओळखीचं आहे. बटण दाबलं की ते दाबलेलंच राहतं. प्रगतीची पट्टी शून्यावर अडते. विंडोजवर शीर्षकात 'नॉट रिस्पॉन्डिंग' उमटतं, मॅकवर रंगीत चकरी फिरू लागते. मग काम संपतं, सगळं एकदम जागं होतं आणि वैतागून मारलेले दहा-बारा क्लिक एकामागून एक लागू पडतात.

रॅकेट या प्रोग्रॅमिंग भाषेत मी स्वतःपुरतं एक साधन लिहिलंय. जुन्या मराठी मजकुराच्या फाइली वाचायच्या, कोणता शब्द कुठे आणि किती वेळा आला याची सूची करायची, ती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवायची आणि विंडोतल्या चौकटीत शब्द टाकून शोधायचं. ही विंडो माझ्याकडे निदान पाच वेळा हँग झाली. दर वेळी दुरुस्त केली, दर वेळी वाटलं की आता सुटलं. लक्षण तेच असायचं, कारण मात्र प्रत्येक वेळी वेगळं. मागच्या वेळचं औषध या वेळी लावत बसल्यामुळे माझे कित्येक रविवार गेले. म्हणून उपाय नंतर, आधी तपासणी.

एक खुलासा. खाली रॅकेटची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंगच वापरायचं. तुमच्या स्वतःच्या फंक्शनांना मात्र खुशाल देवनागरी नावं द्या, रॅकेटला ती चालतात. माझ्या साधनात 'सूची-कर' नावाचं फंक्शन खरोखरच आहे.

दोन नाड्या

प्रोग्रॅमच्या सुरुवातीला दोन गोष्टी घाला. पहिली, एक साधा थ्रेड (प्रोग्रॅममध्येच बाजूला चालणारं वेगळं काम), जो दर अर्ध्या सेकंदाला टर्मिनलवर 'थ्रेड' छापतो आणि पुन्हा झोपतो. दुसरी, टायमर% या रॅकेटच्या क्लासचा एक ऑब्जेक्ट, जो विंडोच्या रांगेतून दर अर्ध्या सेकंदाला 'टायमर' छापतो. छापायला ई-प्रिंटएफ वापरा. नेहमीचं आउटपुट ओळ पूर्ण होईपर्यंत अडवून ठेवलं जातं आणि मग नाडी थांबली की छपाई, हेच कळत नाही. एरर पोर्टवर लगेच उमटतं. प्रोग्रॅम डॉक्टररॅकेटमधून (रॅकेट लिहायच्या संपादकातून) न चालवता टर्मिनलवरून चालवा.

आता विंडो हँग करा आणि टर्मिनलकडे बघा.

'थ्रेड' येतोय पण 'टायमर' थांबलाय, तर अडचण इव्हेंटच्या, म्हणजे क्लिक, कळ अशा घटनांच्या, रांगेत आहे. दोन्ही थांबलेत, तर अख्खं रॅकेटच थांबलंय आणि कितीही थ्रेड वाढवले तरी उपयोग नाही. दोन्ही येताहेत पण अडखळत, तर प्रोसेसरसाठी मारामारी चालू आहे. दोन्ही ठणठणीत, विंडो हलवताही येते, फक्त बटण राखाडी पडलंय, तर विंडो हँग झालेलीच नाही, मागे काम करणारा थ्रेड मेलाय.

पहिल्या प्रकारात आणखी एक पायरी उतरता येते. इव्हेंटस्पेस-हँडलर-थ्रेड या फंक्शनने विंडोचा थ्रेड हाती लागतो. त्याचे कंटिन्यूएशन-मार्क्स (चालू कॉलच्या खुणा) घेऊन कंटिन्यूएशन-मार्क-सेट->कॉन्टेक्स्टला दिले की तो थ्रेड या क्षणी कुठल्या फंक्शनात उभा आहे ते दिसतं. हे नाडीवाल्या थ्रेडमधूनच छापून घ्या. दर वेळी तुमचंच एक फंक्शन दिसलं, तर कॉलबॅक (बटण दाबल्यावर चालणारं तुमचं फंक्शन) लांबलाय. दर वेळी काहीतरी किरकोळच दिसलं, लेबल बदलणं, पट्टी पुढे सरकवणं, तर रांग तुंबली आहे.

पहिली वेळ: कॉलबॅकमध्येच सगळं काम

रॅकेटमध्ये प्रत्येक विंडो एका इव्हेंटस्पेसमध्ये राहते. इव्हेंटस्पेस म्हणजे एक रांग आणि ती उपसणारा एक हँडलर थ्रेड. क्लिक, कळ दाबणं, पुन्हा रंगवणं, सगळं त्याच थ्रेडवर, एकामागून एक. तुमचा कॉलबॅक परतत नाही तोवर पुढचा इव्हेंट हातात घेतला जात नाही. कॉलबॅकमध्ये दोनशे फाइली वाचत बसलात, तर तेवढा वेळ विंडो मुकी आणि बहिरी.

ही रचना नवी नाही. मॅथ्यू फ्लॅट, रॉबी फाइंडलर, श्रीराम कृष्णमूर्ती आणि मथायस फेलायझेन यांनी १९९९ च्या एका शोधनिबंधात ती मांडली होती. रॅकेटला तेव्हा पीएलटी स्कीम म्हणत, नाव बदललं २०१० मध्ये. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता, की प्रोग्रॅम लिहायचं साधन आणि त्यात चालणारा विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम एकाच प्रक्रियेत राहतात, मग विद्यार्थ्याची विंडो अडकली तरी साधन कसं चालू ठेवायचं? उत्तर, दोघांना वेगवेगळा इव्हेंटस्पेस. म्हणूनच आजही तुमचा प्रोग्रॅम हँग झाला तरी डॉक्टररॅकेटचं थांबवायचं बटण दाबता येतं. मात्र खालच्या खिडकीत काही टाइप करून तपासू म्हणाल तर उत्तर येणार नाही, कारण ती ओळ चालवायचं काम त्याच अडकलेल्या हँडलर थ्रेडकडे असतं. टर्मिनलवर चालवा म्हटलं ते यासाठी.

मी आधी चुकीचा उपाय केला, आणि तो इतका मोहक आहे की तुम्हीही कराल. यील्ड नावाचं फंक्शन आहे. हँडलर थ्रेडवर ते बोलावलं की साचलेले इव्हेंट हाताळून परत येतं. दर शंभर ओळींनंतर एक यील्ड टाकला. पट्टी सरकू लागली, मी खूश. मग एकदा चुकून 'सुरू' दोनदा दाबलं गेलं. दुसरा कॉलबॅक पहिल्याच्या पोटात सुरू झाला, पहिला अर्ध्यावर लटकला, आणि दोघेही एकाच हॅशमध्ये (शब्द आणि त्याची संख्या ठेवायच्या तक्त्यात) मोजत राहिले. 'आणि' हा शब्द प्रत्यक्षात होता त्याच्या जवळजवळ दुप्पट भरला. यील्ड मधेच विंडो बंदही करू देतो, आणि मागे उरलेला कॉलबॅक बंद झालेल्या विंडोला पट्टी सरकवायला सांगत राहतो. शिवाय हँडलर नसलेल्या थ्रेडवरून नुसता यील्ड बोलावला तर काहीच होत नाही, चूकही दाखवली जात नाही. स्लीप/यील्ड हे त्याचंच भावंड, छोट्या थांब्यापुरतं ठीक.

खरा उपाय साधा आहे. काम वेगळ्या थ्रेडवर, विंडोला हात लावायचा तो क्यू-कॉलबॅकमधून, म्हणजे विंडोच्या रांगेत काम टाकणाऱ्या फंक्शनातून. सांगाडा असा (#टी म्हणजे हो, #एफ म्हणजे नाही):

(डिफाइन (सुरू-दाबल्यावर बटण इव्हेंट)
  (सेंड बटण इनेबल #एफ)
  (थ्रेड
    (लॅम्डा ()
      (सूची-कर फाइली)
      (क्यू-कॉलबॅक
        (लॅम्डा () (सेंड बटण इनेबल #टी))))))

बटण आधी बंद करायचं विसरू नका. यील्डवाला दुहेरी मोजणीचा घोळ थ्रेडनेही होतो, फक्त जरा शिस्तीत होतो. क्यू-कॉलबॅक चालू इव्हेंटस्पेसच्या रांगेत काम टाकतं, आणि नवा थ्रेड तो इव्हेंटस्पेस आपल्या जन्मदात्या थ्रेडकडून घेतो. त्यामुळे कॉलबॅकमधूनच थ्रेड काढला तर निरोप बरोबर दारी पोचतो.

दुसरी वेळ: रांगच तुंबली

थ्रेड घातला, बटण बंद केलं, आणि विंडो पुन्हा हँग! प्रत्येक ओळ वाचली की मी क्यू-कॉलबॅकने पट्टी एक घर सरकवत होतो. ओळी दोन लाखांच्या वर. म्हणजे रांगेत दोन लाख निरोप.

यात खरी मेख प्राधान्यक्रमाची आहे. तो रॅकेटच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेला आहे, मी वाचला नव्हता इतकंच. क्यू-कॉलबॅकने टाकलेलं काम, वेगळं काही सांगितलं नाही तर, सर्वांत वरच्या दर्जाचं असतं. त्याखाली टायमर, त्याखाली विंडो पुन्हा रंगवणं, त्याखाली माउस आणि कीबोर्ड, आणि सर्वांत तळाला कमी दर्जा मागून टाकलेलं क्यू-कॉलबॅक. म्हणजे मी पट्टी सरकवायचे निरोप इतक्या वेगाने ओतत होतो, की पट्टी रंगवायची पाळीच येत नव्हती. पट्टी सरकत होती, दिसत नव्हती.

क्यू-कॉलबॅकला दुसरा आर्ग्युमेंट #एफ देऊन दर्जा खाली आणता येतो. विंडो जिवंत होते खरी, पण हे अर्धंच औषध. निरोप तेवढेच राहतात. काम संपून गेल्यावरही पट्टी आपली मागच्या निरोपांची उधारी फेडत हळूहळू सरकत राहते.

माझ्या मते पट्टीला निरोप पाठवूच नयेत, पट्टीने स्वतः येऊन बघावं. थ्रेडने फक्त एका व्हेरिएबलमध्ये 'इतक्या ओळी झाल्या' लिहीत जायचं, आणि शंभर मिलिसेकंदांच्या टायमर% ने ते वाचून पट्टी लावायची. सेकंदाला दहा वेळा, मग ओळी दोन लाख असोत की वीस लाख. डोळ्याला त्याहून जास्त लागतही नाही. कालावधी शून्याच्या आसपास मात्र ठेवू नका. टायमरही रंगवण्याच्या वरच्या दर्जाचा आहे, आणि मग दोन्ही नाड्या उत्तम चालूनही विंडो कोरीच दिसण्याचा अजब प्रकार होतो.

काम संपलं की टायमर थांबवा. नाहीतर नवीच तक्रार उभी राहते, विंडो बंद केली तरी प्रोग्रॅम संपत नाही. शेवटची विंडो गेल्यावरही रॅकेट चालू टायमर आणि रांगेतली कामं संपायची वाट बघतं.

पट्टीऐवजी टेक्स्ट% मध्ये (विंडोतल्या मजकुराच्या चौकटीत) नोंदी लिहीत असाल तर तिथेही हेच. ओळ-ओळ न घालता थोड्या साठवा, बिगिन-एडिट-सीक्वेन्स आणि एंड-एडिट-सीक्वेन्स यांच्या मधे एकदम घाला. नाहीतर प्रत्येक ओळीला मांडणी नव्याने होते.

तिसरी वेळ: दोन्ही नाड्या बंद

ही सगळ्यांत फसवी. सूची करताना विंडो छान चालत होती, शोध घेताना हँग. शोधही मी थ्रेडवरच टाकला होता, रांगेत एकुलता एक निरोप. तरी टर्मिनलवर 'थ्रेड'ही नाही आणि 'टायमर'ही नाही. डॉक्टररॅकेटमधून चालवून पाहिलं तर खुद्द डॉक्टररॅकेट गोठलं, थांबवायच्या बटणासकट. हीच पक्की खूण. इव्हेंटस्पेस वेगळा असूनही शेजारी गोठतो, म्हणजे खाली पायाच थांबलाय.

रॅकेटचे साधे थ्रेड ऑपरेटिंग सिस्टिमचे नसतात. एकाच खऱ्या थ्रेडवर रॅकेट त्यांना आळीपाळीने चालवतं. रॅकेटचा कोड चालू असेपर्यंत ही पाळी व्यवस्थित बदलते. पण एफएफआयमधून (दुसऱ्या भाषेतली फंक्शनं बोलावायच्या सोयीतून) सी भाषेतल्या एखाद्या फंक्शनला हाक मारली, की ते परतेपर्यंत पाळी बदलणारा कुणी जागेवरच नसतो. आणि एसक्यूलाइटशी रॅकेट एफएफआयनेच बोलतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसशी ते नेटवर्कच्या पोर्टवरून बोलतं, म्हणून तिथे हा त्रास नाही. 'माझ्याकडे तर हाच कोड नीट चालतो' असं म्हणणारा भेटला, तर त्याचा डेटाबेस कोणता ते आधी विचारा.

उपाय एका शब्दाचा आहे. एसक्यूलाइट३-कनेक्टला #:यूज-प्लेस हा कीवर्ड #टी देऊन घाला. मग क्वेरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या वेगळ्या थ्रेडवर किंवा वेगळ्या प्लेसमध्ये (त्याच प्रक्रियेत समांतर चालणारी रॅकेटची स्वतंत्र प्रत) चालते, ती तिकडे अडकते, तुमचे थ्रेड इकडे चालू राहतात. बाकीच्या कोडला हात लावावा लागला नाही.

अर्थात यामुळे शोध जलद झाला असं नाही, फक्त वाट बघताना विंडो हलवता येऊ लागली. माझी क्वेरी लाइक वापरत होती, शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून. अशा क्वेरीला इंडेक्सचा आधार घेता येत नाही, पूर्ण टेबल चाळावं लागतं. आधी नेमका शब्द इंडेक्सवरून शोधायचा, सापडला नाही तरच चाळणी लावायची, असं केलं तेव्हा कुठे वाट बघणं संपलं. हे मी पहिल्यांदाच करायला हवं होतं.

चौथी: हँग नाही, पण अडखळते

सूचीच्या कामात आकडेमोड वाढली की विंडो मधूनमधून झटके देऊ लागली. कारण वर आलंच आहे, थ्रेड दोन असले तरी खरा थ्रेड एकच. शिवाय कामात कचरा (वापरून झालेली मेमरी) खूप तयार होत असेल, तर तो गोळा करताना सगळेच थांबतात.

इथे प्लेस लागते, आणि प्लेसमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या ठेच लागते. काम करणारा कोड विंडोच्याच फाइलीत ठेवलात, तर नव्या प्लेसमध्ये ती अख्खी फाइल पुन्हा चालते, तिच्याबरोबर रॅकेट/गुई ही विंडो बनवणारी लायब्ररीसुद्धा, आणि 'एकाच प्रक्रियेत हे दुसऱ्यांदा उभं करता येणार नाही' अशा अर्थाची चूक अंगावर येते. कामाचा कोड स्वतंत्र फाइलीत काढा, तिच्यात गुईचं नावही नको, कुणाच्या मार्फतही नको. मग डायनॅमिक-प्लेसने ती सुरू करा. मजकूर, आकडे, याद्या चॅनेलमधून जातात. लॅम्डा किंवा विंडोची वस्तू पाठवता येत नाही. पलीकडचं उत्तर ऐकायला इकडे एक साधा थ्रेड बसवा, आणि त्याने नेहमीसारखं क्यू-कॉलबॅकने विंडोला कळवावं.

राखाडी बटण

एका फाइलीला वाचायची परवानगी नव्हती. थ्रेडमध्ये चूक उठली, टर्मिनलवर छापली गेली आणि थ्रेड मेला. बटण पुन्हा चालू करणारी ओळ त्याच्यापुढे होती, ती चाललीच नाही. टर्मिनल न उघडता वापरणाऱ्या माझ्या मित्राच्या दृष्टीने हाही हँगच.

कामाभोवती विथ-हँडलर्स लावा आणि एक्झन:फेल? पकडून चूक विंडोत दाखवा. बटण चालू करायचा निरोप डायनॅमिक-वाइंडच्या शेवटच्या भागात ठेवा. 'थांबवा' बटण असेल तर त्यात किल-थ्रेड वापरू नका. त्याने मारलेल्या थ्रेडचा तो शेवटचा भाग चालत नाही, बटण पुन्हा राखाडीच. ब्रेक-थ्रेड वापरा. त्याने उठणारा ब्रेक एक्झन:फेल? मध्ये सापडत नाही, त्यामुळे 'चूक झाली' असा खोटा निरोपही येत नाही, आणि शेवटचा भाग मात्र चालतो.

फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या असतील तर उलट गंमत. तिथे चूक उठतच नाही. न समजणाऱ्या बाइटच्या जागी रॅकेट प्रश्नचिन्हाचा चौकोन ठेवून पुढे जातं. माझ्या पहिल्या सूचीत मराठीतला सर्वांत लाडका 'शब्द' तो चौकोनच निघाला होता.

आणि एक प्रकार असा, की जिथे काहीच थांबलेलं नसतं. पट्टीशेजारी 'झालेल्या ओळी: ०' असं मेसेज% (विंडोतलं लेबल) लावलं होतं. त्याला रुंदी मिळते ती सुरुवातीच्या मजकुरापुरती. आकडा १, मग १२, मग १२४ होत गेला, आणि जागा एकाच आकड्याची. बाकीचे आकडे उजवीकडे कापले जात होते आणि डोळ्यांना कितीतरी वेळ '१'च दिसत होता. मी अर्धा तास दोन्ही नाड्या मोजत बसलो होतो. मेसेज% बनवताना ऑटो-रिसाइझ #टी दिलं आणि आकडा पळू लागला.